नोकरी करून कोझी मिस्टरी लिहितेय, तिसऱ्या प्रकरणातच गाडी अडली. प्लॉट आधी आखू की लिहीत जाऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी, पहिलीच कादंबरी, तीही कोझी, म्हणजे रक्तपात न दाखवता एखादा साधा माणूस गुन्हा उलगडतो अशी घरगुती रहस्यकथा, डिटेक्टिव्ह म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी वाड्याचे मालक मेलेले सापडतात आणि तिसऱ्या प्रकरणापासून बाई नुसत्या चहा पीत विचार करत बसतात. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सगळं आधी आखून घ्यावं का, नोकरी करून रोज किती लिहावं आणि यात पैसे मिळतात का. तिन्हींची उत्तरं देते, पण तुम्ही अडलायत ती या तिन्हींमुळे नाही असं मला वाटतं. तुमच्या बाईंना कुणाच्या घरात शिरायला कारणच नाहीये, खरी अडचण ती आहे.

मी अशा कादंबऱ्या बरीच वर्षं लिहितेय, दिवसा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करून, आणि हाताखालून गेलेल्या नवीन लोकांच्या स्क्रिप्टमध्ये हाच घोळ सगळ्यात जास्त वेळा बघितलाय. पोलीस कथेत इन्स्पेक्टर कुठेही जाऊन दार वाजवू शकतो, त्याला कुणी "तुम्ही कोण?" विचारत नाही. आपल्याकडे जुन्या पॉकेटबुकांतले धाडसी नायकही असेच, वेष बदलून कुठेही घुसायचे, आणि बाबुराव अर्णाळकरांसारख्या हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाचा वाचक ते आनंदाने चालवून घ्यायचा. कोझीत ते चालत नाही. इथे शोध घेणारा साधा माणूस असतो, त्याला लोकांच्या ओसरीवर, स्वयंपाकघरात, दुकानाच्या आतल्या खोलीत रोजच्या कामानेच जाता आलं पाहिजे. ते काम ठरलं की प्रकरणं आपोआप मिळतात, कारण प्रत्येक प्रकरण म्हणजे एक भेट.

आता गंमत बघा, तुम्ही पतसंस्थेत बसून निवृत्त शिक्षिका का घेतलीत? तुमच्याकडे रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट आहे की! रोज संध्याकाळी त्याच गल्ल्या, त्याच टपऱ्या, भाजीवाली, टेलर, मेडिकल, सलून, दोन मिनिटं उभं राहायचं, शंभर-दोनशे रुपये घ्यायचे, मशीनवर पावती काढून द्यायची आणि पुढे. कुणाचा धंदा बसलाय, कोण आठ दिवस पैसे देत नाहीये, कोणाकडे अचानक दुप्पट भरायला आलेत हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहिती नसतं. ही दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करायची पद्धत उडुपीत सिंडिकेट बँकेने १९२८ च्या सुमारास सुरू केली, म्हणजे शंभर वर्षं होत आली, आणि अजून आपल्याकडच्या गावांत जोरात आहे. शिवाय ती पावती. मशीनच्या पावतीवर तारीख आणि वेळ छापलेली असते. दुकानदार म्हणतो "त्या दिवशी मी पाचलाच शटर ओढलं" आणि एजंटबाईंच्या मशीनमध्ये त्याच दुकानाची पावती सहा चाळीसची. सीसीटीव्ही नको, फॉरेन्सिक नको.

बाईच हव्या असतील तर त्यांना काहीतरी काम द्या. नोकरीत असलेले शिक्षक मतदार यादीचं बीएलओचं काम करतात, घरोघरी जातात, कोण राहतं कोण गेलं सगळं विचारतात. पण तुमच्या बाई निवृत्त आहेत त्यामुळे ते जमणार नाही. वाचनालयाच्या फिरत्या पेटीचं काम, भिशी, भजनी मंडळ, शिकवण्या, काहीही चालेल, फक्त आठवड्यातून तीन-चार वेगळ्या घरांत नेणारं हवं. गाव अगदी लहान असेल तर पोलीस पाटलाचा विचार करा. ते पद १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातलं आहे, माणूस गावातलाच असतो, मानधनावर, वर्दी नाही, पण संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच. म्हणजे अर्धा पोलीस, अर्धा शेजारी. मराठीत यावर फार कमी लिहिलं गेलंय असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट पोलिसांची. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या प्रकरणात इन्स्पेक्टर येतो आणि बघताक्षणी "हा खून आहे" म्हणतो. इथेच तुम्ही स्वतःची वाट बंद केलीत. खून जाहीर झाला की गुन्हा दाखल, तपास अधिकारी, चौकशा, अटक, आणि मग बाईंनी का फिरायचं? प्रत्यक्षात म्हातारा माणूस जिन्याखाली मेलेला सापडला तर पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पंचनामा होतो, बॉडी शवविच्छेदनाला जाते, डॉक्टरांना नक्की सांगता येत नसेल तर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि तो लॅबला जातो. तिथून रिपोर्ट यायला आठवडे जातात, कधी महिने. म्हणजे कागदावर अजून काहीच घडलेलं नाही आणि गावात मात्र रोज नवीन चर्चा. तेरावं होतं, वाटणीवरून भाऊ भांडतात, भाडेकरूला खोली सोडायला सांगतात, कुणीतरी घाईघाईने कपाट आवरतं. आपली कादंबरी या मधल्या काळात घडते. मी तर सुरुवातीलाच लिहून ठेवते की रिपोर्ट कोणत्या प्रकरणात येणार, आणि तो येईपर्यंत माझ्या बाईला मोकळं रान.

आणि बाईंना घटनास्थळ बघायला मिळायला हवं असेल तर त्यांना पंच करा. मृत्यूचा पंचनामा आसपासच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा असतो, हे कायद्यातच आहे, आधी सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १७४ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १९४. निवृत्त शिक्षिका म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने एक नंबर पंच, अक्षर चांगलं, न वाचता सही करत नाही, तारखेला कोर्टात येते. त्या खोलीत उभ्या राहतील, जे लिहिलं जातंय ते ऐकतील, आणि जे लिहिलं गेलं नाही ते त्यांच्या लक्षात राहील. चष्म्याची केस आहे, चष्मा नाही. एवढं एक वाक्य तुम्हाला पुढची सात-आठ प्रकरणं देतं. जाता जाता, १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या खुनाला जुन्या भारतीय दंड संहितेचं तीनशे दोन लागत नाही, तिच्या जागी आलेल्या बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) १०३ लागतं. तुमची गोष्ट आत्ताची असेल तर हवालदाराच्या तोंडी अधिकृतपणे ३०२ घालू नका. गावातले लोक मात्र अजून वीस वर्षं तीनशे दोनच म्हणणार, ते तसंच ठेवा.

म्हणजे आत्तापर्यंत दोन कामं झाली: बाईंना घरोघरी जायला कारण मिळालं आणि पोलिसांच्या आधी काही आठवडे मिळाले. आता तुमचा पहिला प्रश्न, आखायचं की लिहीत जायचं.

हे माणसावर आहे, खरंच. मला ओळखीतले असे लेखक माहिती आहेत की ज्यांना शेवट माहीत असला की लिहायचा कंटाळा येतो. मी मधली वाट काढते. कादंबरीचा आराखडा करत नाही, पण गुन्ह्याचा करते. आधी चार-पाच पानांत सरळ लिहून काढते की नक्की काय झालं, गुन्हेगाराच्या बाजूने, तारखेवार, अगदी कोरडं. याला पैशाची गरज कधी पडली, कुणाला सांगितलं, कुणाला नाही, त्या दिवशी घरातून किती वाजता निघाला, चप्पल कुठली होती. ही पानं कादंबरीत कधीच येत नाहीत. मग एक वही घेते (एक्सेलही चालेल, पण मला दिवसभर एक्सेलच बघायचं असतं त्यामुळे वही) आणि रकाने पाडते: माणूस, खरा कुठे होता, कुठे होतो म्हणतो, कुणी पाहिलं, खोटं का बोलतो. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गुन्हेगार सोडून बाकीचे तीन-चार जणही खोटं बोलत असले पाहिजेत, पण आपापल्या वेगळ्या कारणाने. एकाने गुपचूप प्लॉटचं टोकन घेतलंय, एकीचं लग्न ठरतंय आणि घरात अजून सांगितलेलं नाही, एक जण सोडलेली दारू परत प्यायला लागलाय. ही छोटी खोटी उघडी पडत जाणं म्हणजेच मधली दहा प्रकरणं. एवढं झालं की लिहायला बसते आणि मग प्रकरणांना हवं तिकडे जाऊ देते, कारण जमीन पक्की आहे.

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीने वाचून लगेच गुन्हेगार ओळखला. पहिल्या ड्राफ्टमध्ये ते चालतंच. क्लू पहिल्या खेपेला लपत नाहीत, ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लपवायचे असतात. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, त्यातले काही आज हास्यास्पद वाटतात पण दोन मी पाळते: शोधणाऱ्याला जे सापडलं ते वाचकालाही दिसलंच पाहिजे, आणि योगायोगाने त्याला मदत करायची नाही. म्हणजे लपवायचं कसं? उघड्यावर, आणि दुसऱ्या कशाच्या तरी मागे.

एक उदाहरण देते. संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण म्हणून यजमानीणबाईंनी हिरव्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा दिलाय, सगळ्यांना एकच. रथसप्तमीच्या आसपास त्या घरात काहीतरी घडतं. संशयित बाई म्हणते "मी दिवाळीपासून त्यांच्या घरात पाय ठेवलेला नाही." आणि एका प्रकरणात तिच्या ओट्यावर तोच डबा आहे, त्यात ती लसूण ठेवते. आता मी हे लिहिताना "ओट्यावर हिरव्या झाकणाचा डबा होता" असं सुटं वाक्य लिहिलं तर वाचक तिथेच बोट ठेवणार. म्हणून तो डबा तीन गोष्टींच्या मधे येतो, खलबत्ता, डबा, कालचं वर्तमानपत्र, आणि लगेच तिची सासू आत येऊन लसणाच्या भावावरून जी सुरू होते ती पान भर थांबत नाही. वाचक हसतो आणि पुढे जातो. तरी क्लू अजून पुरा नाही, कारण वाण दुसऱ्याच्या हातूनही पाठवतात. हे तुमच्या वाचकाला माहीत आहे, तो तुम्हाला पकडेल. मग दुसरा धागा लागतो: यजमानीणबाईंना सवय आहे की कोण आलं ते नावानिशी लिहून ठेवायचं आणि न आलेल्यांना तिळगुळाची पुडीच पाठवायची, डबा नाही. हे मात्र बरंच आधी, कुठेतरी विनोदात येऊन गेलेलं असतं. दोन्ही एकत्र आले की फास बसतो. प्रत्येक क्लूला एक निर्दोष स्पष्टीकरण असलं पाहिजे आणि ते नंतर कोसळलं पाहिजे, एवढं बघा.

विषाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. माझं मत, कोझीत पद्धतीचा तपशील लागत नाही, मी तो मुद्दाम अर्धवट ठेवते, वाचकाला त्याने काही कमी पडत नाही. अगाथा ख्रिस्ती विषांवर एवढ्या खात्रीने लिहायच्या कारण पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्कीच्या हॉस्पिटलच्या औषधालयात काम केलं होतं, ते त्यांचं रोजचं काम होतं. तुमचं रोजचं काम कर्ज आहे. जामीनदार हा शब्द घ्या. मित्राच्या शब्दाखातर सही केली, मित्राने हप्ते बुडवले, संस्थेने सहकार खात्याच्या निबंधकांकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणला आणि आता नोटीस जामीनदाराच्या घरी, बायकोला पहिल्यांदाच कळतंय. यापेक्षा चांगला मोटिव्ह मला तरी सुचत नाही. किंवा ठेवीवर नॉमिनी पुतण्या आहे, त्याला वाटतं पैसे आपले झाले, आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे त्याला ठेवीदाराच्या मरणानंतर कळतं. किंवा सोनेतारणाचं सीलबंद पाकीट. फक्त खऱ्या सभासदाचं खातं, रक्कम, किस्सा जसाच्या तसा उचलू नका, गाव लहान आहे आणि नोकरीही तुमचीच आहे. मी माझ्या क्लायंटच्या बाबतीत आकडा, नातं आणि धंदा तिन्ही बदलल्याशिवाय काही वापरत नाही.

आता वेळ. रोज इतके शब्द हा हिशोब मला कधी लागू पडला नाही आणि नोकरी, घर, सासू-सासरे बघणाऱ्या बाईला तो लागू पडावा असंही वाटत नाही. माझा जुलै रिटर्न्समध्ये जातो, नेमके त्याच सुमारास दिवाळी अंकवाले "कथा कुठपर्यंत आली?" म्हणून फोन करत असतात, त्यामुळे माझं वर्ष उलटं लागलेलं आहे: कथा उन्हाळ्यातच संपवायच्या, आणि कादंबरीचं नवीन लिखाण दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये तुमच्याकडे वसुलीची धावपळ असणार, तेव्हा नवीन काही लिहायचा हट्ट करू नका, नुसती ती रकान्यांची वही भरा. थकलेल्या डोक्याने संवाद लिहिता येत नाहीत पण कोण कुठे होता हे ठरवता येतं. सकाळी लिहायचं की रात्री हे घर ठरवतं, आपण नाही. मी रात्री लिहिते कारण तेव्हाच डायनिंग टेबल रिकामं असतं. एक सवय मात्र सांगेन, उठताना पुढच्या प्रसंगात कोण कुणाकडे आणि कुठल्या निमित्ताने जाणार एवढी एक ओळ लिहून उठायचं. चार दिवसांनी बसलात तरी सुरुवात शोधत बसावी लागत नाही.

कादंबरीच्या आधी दोन-तीन लघुकथा करून बघा असंही सुचवेन, त्याच गावातल्या, त्याच बाईंच्या. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे आणि 'धनंजय'सारखा अंक तर रहस्य-गूढ कथांसाठीच ओळखला जातो. सात-आठ पानांत एकच खोटं पकडायचं, कुणी मरायलाही नको. देवळाच्या दानपेटीतले पैसे, सोसायटीच्या सिंकिंग फंडाची पावती, खोटी सही. यातून गाव तयार होतं. पुढे मालिका करायची झाली तर हे फार उपयोगी पडतं, कारण चार हजार वस्तीच्या गावात दर वर्षी एक खून पडायला लागला तर लोक तुमच्या बाईंनाच हद्दपार करतील. आणि मालिका करणार असाल तर गावाची एक वेगळी वही आजच सुरू करा. मारुतीचं देऊळ स्टँडच्या कुठल्या बाजूला, टेलरची मुलगी कितवीत, कुणाचा पाय कधी मोडला. वाचक हे सगळं लेखकापेक्षा चांगलं लक्षात ठेवतात आणि चूक झाली तर कळवतातही, प्रेमाने पण सविस्तर.

पैशाचं उत्तर कडू आहे. मराठीत पहिली आवृत्ती पाचशे ते हजार प्रतींची धरा, रॉयल्टी साधारण दहा टक्के. तीनशे रुपयांचं पुस्तक, हजार प्रती, सगळ्या खपल्या तरी तीस हजार रुपये, तेही एका वर्षात खपतील असं नाही. दिवाळी अंकाचं मानधन कुठे बरं, कुठे नुसता अंक घरपोच. ऑडिओमुळे थोडा फरक पडलाय, स्टोरीटेल २०१७ च्या शेवटी इथे आलं तेव्हापासून मराठीत ऐकणारा वाचक वाढला आणि रहस्यकथा ऐकायला चांगली लागते, लोक पोळ्या लाटताना ऐकतात. त्यामुळे नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर आत्ता नको, आणि तुमच्या बाबतीत तर नोकरी हाच कच्चा माल आहे. प्रकाशकाशी करार करताना मात्र ऑडिओ, ई-बुक आणि वेब सिरीजचे हक्क वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. "सर्व हक्क प्रकाशकाकडे" अशी एकच ओळ असेल तर सही करायच्या आधी विचारा, बरेच जण विचारलं की बदलून देतात. मुदतही लिहून घ्या, तीन किंवा पाच वर्षं, त्यानंतर हक्क तुमच्याकडे परत. जामीनदाराच्या सह्या रोज बघताय, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.